उंदरापुरती वीज

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

कोठीच्या खोलीत बाजरीच्या दोन गोण्या तळातून फोडलेल्या निघाल्या. गव्हाची कोठी पत्र्याची, तिला दात लागत नाही. पण मक्याचं पोतं, गोधड्यांचं गाठोडं आणि द्राक्षबागेतून काढून आणलेलं ठिबकच्या नळ्यांचं बंडल, सगळ्यावर कुरतडल्याच्या खुणा. पावसाळ्यात शेतातली बिळं पाण्याने भरली की उंदीर घरांकडे सरकतात, पण यंदा फारच झालं.

दुपारी माझं विजेच्या दुरुस्तीचं दुकान बंद ठेवलं आणि टॉर्च घेऊन खोलीत बसलो. आधी कोण आहे ते कळायला हवं, सापळा त्यावरून ठरतो. लेंड्या अर्धा इंच लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या. म्हणजे घरउंदीर, लहान जातीच्या उंदराच्या लेंड्या याच्या निम्म्या भरतात. आढ्याच्या लाकडावर भिंतीलगत तेलकट काळा पट्टा दिसला. ती त्यांची रोजची वाट, अंगाच्या मळाने काळी पडलेली. हा उंदीर चढण्यात तरबेज असतो, म्हणून फक्त जमिनीवर शोधून भागत नाही. मागच्या मोरीजवळ मात्र उकरलेल्या मातीचा ढीग आहे. ते काम घुशीचं. तिचा बंदोबस्त वेगळा.

आई म्हणाली, "सणासुदीच्या तोंडावर काहीतरी कर रे बाबा." करायला हवंच. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात, आणि ती तीन-चार महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. सोयाबीन आणि नवा मका घरात येईपर्यंत थांबलो तर खोली त्यांचीच होईल. एक घरउंदीर दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम दाणा खातो आणि त्याहून जास्त मुतून नासवतो.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दुकानात आज पावसात भिजलेल्या मोटारींची रांग. त्यात एक शेतकरी पंपाचा स्टार्टर घेऊन आले, वयाने माझ्याहून मोठे. काम झाल्यावर निघता निघता म्हणाले, "भाऊ, तेवढा उंदरांसाठी करंट लावून द्या ना. गोठ्यात लई झालेत. दोन पत्रे घ्यायचे, मधे लाकडाची फळी, एकाला फेज, एकाला न्यूट्रल. रात्री लावायचा, सकाळी काढून घ्यायचा."

मी नाही म्हणालो. ते रागावले नाहीत, पण कारण विचारलं. विचारायलाच हवं होतं. बाकावर बसवलं, चहा सांगितला, आणि बिलाच्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडून दाखवले.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची. ओल्या अंगाच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरा. भागाकार केला की २३० मिलिअँपिअर. दहा मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडायला लागतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. तिसाच्या पुढे श्वासाला आणि काळजाला धोका. इथे तर दोनशेच्या वर.

ते म्हणाले, "पण पेटीत फ्यूज हाये ना." हा भरवसा मी घरोघरी ऐकतो आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. फ्यूज असो की एमसीबी, ती वायर जळू नये म्हणून असते. सहा अँपिअरची एमसीबी पाव अँपिअरने जागची हलत नाही. माणूस पत्र्याला चिकटून जाईल आणि खटका जिथल्या तिथे वर राहील. ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी बसवलेला असेल तर जमिनीवर उभा माणूस फेजला लागल्यावर वाचू शकतो, आणि तो प्रत्येक घरात असायलाच हवा. पण एक हात फेजच्या पत्र्यावर आणि दुसरा न्यूट्रलच्या पत्र्यावर पडला तर आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गेला तेवढाच प्रवाह परत येतो आणि त्याला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

सगळ्यात वाईट ते "रात्री लावायचा, सकाळी काढायचा". रात्री लाइट जाते. घरातला माणूस समजतो, आता पत्रा मेला. पहाटे सून अंधारात दूध काढायला गोठ्यात शिरते आणि नेमकी तेव्हाच लाइट येते.

हे काही मी मनाने रचत नाही. इंडोनेशियात, जावा बेटावरच्या स्रागेन भागात भातशेतीला उंदरांसाठी अशाच विजेच्या तारा लावल्या गेल्या आणि त्यात कित्येक शेतकरी स्वतःच्याच शेतात गेले. आपल्या विदर्भात रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटने माणसं मेली आहेत, वाघही मेले आहेत. मीटरच्या आधी आकडा टाकून हे केलं तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली चोरी. कुणी दगावलं तर जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा. पण कलमापेक्षा त्यांना सुनेची गोष्ट लागली असावी. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला. म्हणाले, "मग आम्ही करावं काय?"

मी म्हणालो, बॅटरीवरचा सापळा मागवलाय. आधी माझ्या घरी लावून बघतो, गणपती उठल्यावर या.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

शेजारचे तात्या पुरणपोळीचं ताट घेऊन आले आणि सोबत औषधाच्या वड्याही. ब्रोमाडिओलोनच्या. उंदराने एकदा पुरेशी खाल्ली की रक्त गोठायचं थांबतं आणि तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, तो आतल्या आत रक्त वाहून मरतो. उशिरा मरतो म्हणून बाकीच्यांना वडीचा संशय येत नाही, आणि म्हणूनच ती इतकी चालते.

तात्यांचा मान ठेवून वड्या घेतल्या, पण खोलीत टाकणार नाही. ते चार दिवस उंदीर गुंगत, धडपडत फिरतो आणि अशा उंदरावर पहिली झडप पडते ती मांजराची किंवा घुबडाची. आमच्या मागच्या पडक्या भिंतीत गव्हाणी घुबडाची जोडी आहे. रात्री पांढऱ्या पोटाने आवाज न करता छपरावरून जातात. घुबडाची जोडी पिल्लं असताना एका रात्रीत जेवढे उंदीर उचलते तेवढे मी कुठल्याही यंत्राने पकडू शकणार नाही. बांधावरची धामण, ताडकन खाली येणारी कापशी घार, आणि थंडीत नांदूर मधमेश्वरच्या बाजूने शेतांवर तरंगत येणारे भोवत्या पक्षी, हे सगळे आपल्या बाजूचे आहेत. आपल्याच निफाड तालुक्यातलं ते पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं; त्याच्या आसपासच्या गावांनी तरी वडी टाकताना दहादा विचार करावा. आणि विष खाल्लेला उंदीर मरायला भिंतीच्या पोकळीत जातो. वास महिनाभर.

किराणा दुकानात चिकट पट्ट्याही टांगलेल्या असतात. त्या मी घरात आणणार नाही. उंदीर रात्रभर ओढाताण करत, कातडी सोलत जिवंत राहतो. पाल, चिमणीचं पिल्लू, काहीही चिकटतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या पट्ट्यांविरुद्ध राज्यांना कळवलेलं आहे, तरी विक्री चालूच.

माझं म्हणणं एवढंच आहे: मारायचं ठरलं तर तो लगेच मरावा, आणि मारण्याचा परिणाम त्याच्यापाशीच थांबावा. घुबडापर्यंत, वासरापर्यंत, शेजारच्या पोरापर्यंत तो जाऊ नये.

५ सप्टेंबर, गुरुवार

भाच्याने नाशिकहून सापळा आणून दिला. रात्री जेवणं झाल्यावर उघडून बघितला. अशी वस्तू न उघडता वापरणं मला जमत नाही.

प्लास्टिकचा बोगदा, एका बाजूने तोंड, दुसऱ्या टोकाला आमिषाची जागा, तिला हवेसाठी भोकं, म्हणजे वास बाहेर येतो. तळाशी धातूच्या पट्ट्या. चार सेल, म्हणजे सहा व्होल्ट. डास मारायच्या बॅटमध्ये असतं तेच तत्त्व: ऑसिलेटर, छोटा ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर. सहा व्होल्टचे काही हजार व्होल्ट होतात. उंदराचे पुढचे पाय एका पट्टीवर आणि मागचे दुसरीवर पडले की सर्किट पूर्ण होतं, यंत्राला ते जाणवतं आणि ते थांबून थांबून झटके देत राहतं, दीड-दोन मिनिटं. मग दिवा लुकलुकतो.

आईने विचारलं, "हजार व्होल्ट? आणि तू त्या बाबाला दोनशेतीसला नको म्हणालास?" प्रश्न रास्त होता. व्होल्ट म्हणजे ढकलायचा जोर. मागे माल किती आहे ते वेगळं. घरच्या तारेमागे अख्खा डीपी उभा असतो, पाहिजे तितका वेळ प्रवाह देत राहणारा. या डब्यामागे चार सेल. कपॅसिटरमध्ये साठलेली थोडी ऊर्जा क्षणात संपते. दोनशे ग्रॅमच्या जनावराचं काळीज थांबवायला ती पुरते. आपलं बोट लागलं तर जोराचा चटका बसतो. तरी पोराटोरांच्या हाताशी ठेवायचा नाहीच. झाकण उचललं की आतली कळ सुटते आणि सर्किट तुटतं, ती कळ मी मीटर लावून तपासली. हे प्रत्येकाने तपासावं. कंपनीने लिहिलंय म्हणून हात घालू नये.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

गणपती बसले. शाडूची मूर्ती, पायाशी मूषक. आईने आरतीनंतर सांगितलं, "गणपती घरात असेपर्यंत उंदीर मारायचा नाही." मी लगेच कबूल केलं. तिचा भाव आहेच, शिवाय सापळ्यालाही हेच हवं आहे. घरउंदीर नव्या वस्तूला बिचकतो. रोजच्या वाटेवर काल नव्हतं ते आज दिसलं तर दिवसचे दिवस वळसा घालून जातो. म्हणून सापळा आधी बंद ठेवून आत खायला टाकत राहायचं, त्याची भीड चेपली की मग कळ दाबायची. दहा दिवस चांगले मिळाले.

गणपती म्हटलं की विंचूरकरांची आठवण गावात निघतेच. विंचूरच्या सरदार विठ्ठल शिवदेवांचं हे घराणं. त्यांच्याच पुण्यातल्या विंचूरकर वाड्यात टिळकांनी १८९४ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला. त्याच वर्षी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या विल्यम हूकर या माणसाने स्प्रिंगच्या उंदीरचापाचं पेटंट घेतलं. अजून आठवडे-बाजारात मिळतो तो लाकडी फळीचा चाप त्याच कुळातला. आणि दोनच वर्षांत मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना त्यातच गेल्या. गावंच्या गावं घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिली. उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडायचं, एवढं लोकांनी अनुभवाने ओळखलं होतं. कारण सापडलं १८९८ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्याच कराचीत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की उंदीर मेला, गार झाला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवं गरम अंग शोधत निघतात.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुढच्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला आणि लगोलग सुरतेत फुफ्फुसाचा. मला तेव्हा शाळेत असल्याचं आठवतं. मास्तरांनी सगळ्यांना नाकाला रुमाल बांधायला लावले होते. उंदीर मेला की त्याची विल्हेवाट तासाभरात का लावायची, ते या सिमाँच्या पिसवांवरून समजतं. विषाने भिंतीत मेलेल्या उंदराच्या पिसवा आपण मोजायला जात नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी गेल्या. सापळा बंदच आहे. पहिले काही दिवस आमिषाला तोंड लागलं नाही, परवापासून साफ होतंय.

सुरुवातीला सुकट ठेवली होती. रात्री चीं चीं आवाज आला म्हणून टॉर्च मारला तर भिंतीलगत चिचुंद्री, सोंडेसारखं नाक हलवत थेट सापळ्याच्या तोंडाशी. तिला मारायचं काहीच कारण नाही. ती उंदीर नव्हेच. झुरळं, किडे, गोगलगाई खाते, गोणी फोडत नाही. लोक तिच्या वासाला वैतागतात आणि उंदीर समजून मारतात. मासळीच्या वासाला ती येणारच. म्हणून सुकट काढली, शेंगदाण्याचं कूट गुळात कालवून वाटाण्याएवढी गोळी ठेवली. शिवाय सापळा जमिनीवरून उचलून वर, आढ्याच्या वाटेवर भिंतीला टेकवून फळीवर बसवला. चिचुंद्रीला तिथवर चढता येत नाही. घरउंदराची तर ती नेहमीचीच वाट. वर ओलही नाही. पावसाळी जमिनीवर पट्ट्यांमध्ये दमटपणा धरला की सापळा उगाचच सुटतो आणि सेल उतरतात.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल गणपती उठले. रात्री कळ चालू केली.

पहाटे दिवा लुकलुकत होता. मोठा नर, शेपटी अंगापेक्षा लांब. अंगावर जखम नाही, रक्त नाही, तोंडात गोळी तशीच. ती गोळी बघून मला वाटलं, त्याला कळायच्या आत झालं असावं. मी फार वेळ बघत उभा राहिलो. जीव घेतला आहे ही गोष्ट खरी, ती लहान करून सांगायची नाही. आई मागे येऊन उभी राहिली, हात जोडले, काही बोलली नाही.

हातमोजे घालून सापळा उपडा केला, उंदीर पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट, मळ्याच्या कडेला दोन फूट खोल खड्ड्यात. खाली पडलेल्या लेंड्या झाडूने कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून, थोडा वेळ थांबून फडक्याने पुसल्या. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली ती उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून. हातापायाला चीर असली तरी तेवढं पुरतं. पट्ट्या सेल काढून कोरड्या कापडाने पुसल्या.

२५ सप्टेंबर, बुधवार

सापळा चालतोय. मधे एका रात्री काहीच नाही, दिवा मात्र लागलेला. सेल मोजले तर दीडचे १.२ वर आलेले. नवे अल्कलाइन टाकले. इथे काटकसर करायची नाही. घड्याळाचा सेल उतरला तर घड्याळ मागे पडतं. या सापळ्याचा उतरला तर झटका कमी पडतो आणि जनावर अर्धमेलं होऊन निघून जातं. सावकाश मरणं नको म्हणून तर हा आणला. भिंतीवर कॅलेंडरला मीटरचं रीडिंग लिहायला लागलोय.

पंपाचे ते शेतकरी येऊन बघून गेले. सापळा हातात घेऊन उलटसुलट केला. किंमत ऐकून म्हणाले, "पत्र्यापेक्षा लई महाग." मी म्हणालो, हो, महागच आहे. मग पिंजरा घ्या, दीडशे-दोनशेत येतो, रोज सकाळी बघायचा तेवढा. पण करंट नको. त्यांच्या पेटीत आरसीसीबी बसवायला पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

घट बसायच्या आधी अख्खी खोली रिकामी केली. सापळ्याने आतले उंदीर कमी होतात. बाहेरचे येतच राहतात. लहान जातीच्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, पेन्सिल जाईल एवढी. घरउंदराला त्याच्या दुप्पट.

दाराखालची फट: पत्र्याची पट्टी ठोकली. पत्रा आणि भिंत यांच्या मधली जागा: पाव इंची जाळी. वायरिंगचा पाइप भिंतीतून आत येतो तिथे भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरली आणि वरून सिमेंट. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरतात, नुसती घासणी ओढून काढतात. त्याच पाइपजवळ वायरचं आवरण कुरतडून तांबं उघडं पडलं होतं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी चावावंच लागतं, आणि पीव्हीसी त्याला बरं सापडतं. तो तुकडा बदलला. नळीतूनच नवी वायर ओढली. गोण्या आता जमिनीवर नाहीत. लाकडी फळ्यांच्या मांडणीवर, भिंतीपासून हातभर सोडून. मधून झाडू फिरतो, मांजर फिरतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मका उन्हात पडला आहे, सोयाबीन विंचूरच्या उपबाजारात थोडं विकलं, थोडं भाव बघून ठेवलं. नव्या गोण्यांना अजून दात लागलेला नाही. सापळ्याचा दिवा बऱ्याच दिवसांत लागला नाही, तरी तो काढणार नाही. आमिष बदलत राहायचं, शिळ्या कुटाला बुरशी येते.

घूस राहिली आहे. या डब्यात ती मावत नाही, मोठी घूस किलोभराची असते. मोठा पिंजरा लावला तर बाजूने उकरून गेली. बीळ मोरीपासून निघून तात्यांच्या आणि आमच्या सामाईक भिंतीखाली जातं. एका बाजूने बुजवलं की ती दुसरीकडून निघणार, आणि पाया पोखरला जाणार तो दोघांचा. तात्यांशी आज बोलणं झालं. रविवारी दोन्ही अंगांनी एकदम फरशी उकलायची, बिळात दगड-खडी ठासून वर काँक्रीट, मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी. खडी माझ्याकडे आहे. सिमेंटची एक गोणी आणि जाळी लासलगावहून आणायची.